घरगुती तेलबदलानंतरची इंजिन तेलगळती

घरगुती तेलबदलानंतरची इंजिन तेलगळती म्हणजे मोटारीचे वंगणतेल व तेल-फिल्टर घरच्या घरी बदलल्यानंतर, त्या कामात राहिलेल्या दोषामुळे इंजिनातून तेल बाहेर पडणे होय. ही गळती बहुधा इंजिनाच्या झिजेमुळे होत नाही. काम करताना ज्या मोजक्या जागा उघडल्या जातात, तेथेच ती उद्भवते. त्यामुळे तिचा उगम शोधणे तुलनेने सोपे असते आणि दुरुस्तीचा खर्चही अनेकदा एका वायसरपुरता किंवा फिल्टरपुरता मर्यादित राहतो. मात्र मोठी गळती वेळीच लक्षात आली नाही, तर इंजिन काही मिनिटांत कायमचे निकामी होऊ शकते. जमिनीवर पडलेला डाग हे या बिघाडाचे केवळ दिसणारे रूप आहे. खरा धोका इंजिनातील तेलाचा दाब नाहीसा होण्यात असतो.

अधिकृत सेवाकेंद्र जवळ नसलेल्या गावांत अशी किरकोळ कामे घरी किंवा वाडीत उरकण्याचा प्रसंग येतो. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील मांडव्यासारख्या किनारी गावांत खारी हवा, मुसळधार पाऊस आणि भुसभुशीत जमीन यांमुळे या कामात अधिक काळजी घ्यावी लागते. त्याचा विचार पुढे स्वतंत्र विभागात केला आहे.

## वंगणतेलाचे कार्य

इंजिनाच्या तळाशी असलेल्या पसरट भांड्यात वंगणतेल साठवलेले असते. गॅरेजच्या बोलीत या भांड्याला ‘चेंबर’ म्हणतात. लहान मोटारींच्या चेंबरमध्ये साधारणतः ३ ते ४ लिटर तेल मावते. पंप हे तेल जाळीतून ओढून घेतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबाने क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट व इतर फिरत्या भागांपर्यंत पोहोचवतो. शाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच फट असते. या फटीत दाबाने भरलेले तेल धातूला धातू घासू देत नाही. तेल उष्णता वाहून नेते, झिजेचे कण गोळा करते आणि गंज रोखते.

तेलाच्या या प्रवासाचे दोन टप्पे आहेत आणि गळतीचे निदान करताना त्यांतील फरक फार उपयोगी पडतो. पंपाच्या आधीच्या भागात, म्हणजे चेंबरमध्ये, तेल केवळ स्वतःच्या वजनाने साचून असते. पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर व तेलवाहिन्यांत, ते दाबाखाली असते. म्हणून चेंबरच्या बोल्टमधून होणारी गळती इंजिन बंद असतानाही चालू राहते. फिल्टरजवळची गळती मुख्यत्वे इंजिन चालू असताना होते, आणि तिचा वेग फार मोठा असू शकतो.

## पार्श्वभूमी

मोटारींसाठीचा तेल-फिल्टर अमेरिकेत १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहॉल्ग यांनी तयार केला. पुढील काळातील फिल्टरांत बाहेरचे भांडे कायम ठेवून आतला गाळणीचा भाग बदलावा लागे. १९५४ साली विक्स या कंपनीने डब्यासारखा, संपूर्णच फिरवून काढता-बसवता येणारा फिल्टर आणला. या रचनेमुळे तेलबदल हे एक पाना व एक पसरट भांडे यांच्या साहाय्याने होणारे काम बनले. काम सोपे झाले, तरी प्रत्येक वेळी निदान तीन जागा उघडाव्या लागतात : चेंबरचा बोल्ट, फिल्टर आणि तेल भरण्याचे झाकण. घरगुती तेलबदलानंतरच्या बहुतेक गळत्या याच तीन जागी आढळतात.

## गळतीची कारणे

### चेंबरचा बोल्ट व वायसर

जुने तेल काढण्यासाठी चेंबरच्या तळाशी एक बोल्ट असतो. बोल्टचे आटे तेल अडवत नाहीत. ते काम बोल्टच्या डोक्याखालचा वायसर करतो. हा वायसर तांबे किंवा ॲल्युमिनियम यांसारख्या मऊ धातूचा असतो आणि आवळताना दबून दोन्ही पृष्ठभागांशी एकरूप होतो. एकदा दबलेला वायसर पुन्हा तितकाच चांगला दबत नाही. त्यामुळे जुनाच वायसर वापरल्यास बारीक पाझर सुरू होतो. काही वेळा जुना वायसर चेंबरला चिकटून राहतो आणि त्यावर नवा चढवला जातो. असे दोन वायसर एकमेकांवर नीट बसत नाहीत.

याहून गंभीर दोष म्हणजे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळणे. बऱ्याच लहान मोटारींत या बोल्टसाठी सुमारे २५ ते ४० न्यूटन-मीटर एवढाच पीळ सांगितलेला असतो. अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. ३५ न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे १८ किलोग्रॅम वजनाएवढा जोर. त्याच पान्यात पाइप घालून लांबी ६० सेंटिमीटर केली आणि जोर तेवढाच लावला, तर पीळ तिप्पट, म्हणजे १०५ न्यूटन-मीटर होतो. चेंबर ॲल्युमिनियमचा असल्यास पोलादी बोल्टपुढे त्याचे मऊ आटे टिकत नाहीत. बोल्ट तिरका धरून पान्यानेच फिरवायला सुरुवात केली, तरीही आटे जातात.

### तेल-फिल्टर

फिल्टरच्या तोंडाशी रबराचे वर्तुळाकार गॅस्केट असते. जुना फिल्टर काढताना हे गॅस्केट कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ते लक्षात न येता नवा फिल्टर बसवला, तर एकावर एक अशी दोन गॅस्केट होतात. बसवताना काहीच वावगे जाणवत नाही आणि इंजिन सुरू केल्यावर क्षणभर सर्व ठीक दिसते. पुढे दाब वाढताच वरचे गॅस्केट सरकते आणि तेलाची धार लागते. या गळतीत चेंबर एक-दोन मिनिटांतही रिकामा होऊ शकतो. घरगुती तेलबदलातील हा सर्वांत घातक दोष समजला जातो.

फिल्टर सैल राहणे, गॅस्केटवर तेलाचा हात न फिरवल्यामुळे ते कोरडे पिळवटणे, बैठकीवर माती राहणे आणि गाडीला न जुळणारा फिल्टर बसवणे ही इतर कारणे होत. काही गाड्यांत बदलता येणारा कागदी गाळणीचा फिल्टर असतो. त्याच्या झाकणावरील रबरी कडी ठरलेल्या खाचेत बसली नाही, तर तेथून तेल झिरपते.

### झाकण, डिपस्टिक आणि जादा तेल

तेल भरण्याचे झाकण तिरके बसल्यास किंवा त्याचे रबर कडक झाले असल्यास इंजिनाच्या माथ्यावरून तेल ओघळते. डिपस्टिक पूर्ण आत न बसवल्यासही तिच्या नळीतून तेल उडते.

मर्यादेपेक्षा जास्त तेल भरणे हीदेखील चूकच होय. तेलाची पातळी वाढली की क्रँकशाफ्ट तेलात बुडून ते घुसळू लागतो. तेलाला फेस येतो, त्यात हवा मिसळते आणि वंगण कमी पडते. आतला दाब वाढल्याने जुन्या सीलमधून तेल बाहेर पडण्याचा संभवही वाढतो.

### भासमान गळती

फिल्टर काढताना त्यातील तेल खालच्या पट्टीवर किंवा संरक्षक पत्र्यावर सांडते. ते पुढे काही दिवस थेंबथेंब ठिबकत राहते. यात गळती मुळीच नसते. म्हणून पुसून स्वच्छ केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

## तत्काळ करावयाची कृती

डॅशबोर्डवरील तेलाच्या दाबाचा लाल दिवा इंजिन चालू असताना लागला, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करावे. ‘जवळच्या गॅरेजपर्यंत तरी जाऊ’ असा विचार करू नये. हा दिवा चेंबरमध्ये तेल किती आहे हे सांगत नाही, तर दाब धोकादायक पातळीच्या खाली गेला आहे हे सांगतो. तो लागेपर्यंत बेअरिंगांना हानी पोहोचू लागलेली असते. गाडी ओढून किंवा वाहून न्यावी.

दिवा लागलेला नसेल, पण जमिनीवर तेल दिसत असेल, तर गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. तिच्यावरील खालच्या व वरच्या खुणांमधील अंतर अनेक गाड्यांत सुमारे १ लिटर तेलाएवढे असते. पातळी खालच्या खुणेच्या खाली असल्यास इंजिन सुरू करू नये.

लहान गळतीचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. एका थेंबाचे आकारमान सुमारे ०.०५ मिलिलिटर धरले, तर दर मिनिटाला एक थेंब या वेगाने दिवसाला ७२ मिलिलिटर आणि आठवड्याला सुमारे अर्धा लिटर तेल जाते. म्हणजे क्षुल्लक वाटणारी गळती दोन आठवड्यांत तेलाची पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आणू शकते.

गरम एक्झॉस्टवर तेल पडत असल्यास धूर व जळका वास येतो. यात आगीचा धोका असतो. अशी गाडी चालवू नये.

## उगम शोधणे

गाडीखाली सांडलेला प्रत्येक द्रव इंजिनाचे तेल नसतो. वातानुकूलन यंत्राचे पाणी स्वच्छ व गंधहीन असते आणि दमट हवेत ते भरपूर पडते. शीतक द्रव बहुधा हिरवा, गुलाबी किंवा निळा असून पाण्यासारखा पातळ असतो. इंजिनाचे तेल बोटांना बुळबुळीत लागते. ताजे असताना ते मधाच्या रंगाचे आणि वापरलेले असताना काळपट दिसते.

उगम शोधण्याची पद्धत पुढीलप्रमाणे आहे :

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बोल्ट, फिल्टर आणि त्यांच्या भोवतालचा भाग साबणाचे पाणी व फडक्याने स्वच्छ करून कोरडा करावा.

२. संशयित जागांवर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरावी. तेल पाझरताच पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते.

३. गाडीखाली पुठ्ठा पसरून त्यावर पुढच्या चाकांची जागा खुणेने दाखवावी.

४. पातळी योग्य असल्याची खात्री करून इंजिन सुरू करावे. एकाने दाबाच्या दिव्याकडे, तर दुसऱ्याने बाजूला उभे राहून फिल्टरकडे लक्ष ठेवावे. धार दिसल्यास इंजिन त्याच क्षणी बंद करावे.

५. धार नसल्यास पाच-दहा मिनिटे इंजिन चालू ठेवावे. तेल तापल्यावर पातळ होत असल्याने थंडपणी न दिसणारा पाझर या वेळी दिसतो.

६. इंजिन बंद करून रात्रभर पुठ्ठा तसाच ठेवावा. थेंब इंजिन बंद असतानाही वाढत गेले, तर संशय बोल्टवर जातो. ते केवळ इंजिन चालू असताना पडले, तर फिल्टरवर.

तेल नेहमी खाली ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरते. म्हणून सर्वांत खालच्या थेंबाकडे न पाहता ओल्या भागातील सर्वांत वरची व सर्वांत पुढची जागा शोधावी. उगम बहुधा तेथेच असतो. इंजिन आणि गिअरपेटी यांच्या सांध्यातून तेल येत असेल, तर मुख्य सीलचा दोष संभवतो. त्याचा तेलबदलाशी सहसा संबंध नसतो आणि ते काम कुशल मेकॅनिकवर सोपवावे.

## दुरुस्ती

गळती दिसताच ‘आणखी थोडे आवळून पाहू’ ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते. अनेकदा तीच नुकसानीचे कारण ठरते. सैल राहिलेला बोल्ट ठरलेल्या पिळापर्यंत आवळणे योग्य आहे. पण बोल्ट पुरेसा आवळलेला असूनही गळती असेल, तर दोष वायसरमध्ये किंवा आट्यांमध्ये असतो आणि अधिक जोराने तो वाढतो.

वायसरचा दोष : स्वच्छ भांड्यात तेल काढून घ्यावे. बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग पुसावेत, चिकटलेला जुना वायसर असल्यास तो काढावा आणि योग्य मापाचा नवा वायसर घालावा. बोल्ट आधी पूर्णपणे हाताने फिरवावा. हाताने सहज फिरत नसेल, तर तो तिरका लागला आहे असे समजून पुन्हा सुरुवात करावी. शेवटचा पीळ टॉर्क रेंचने द्यावा.

फिल्टरचा दोष : फिल्टर काढून इंजिनावरील बैठक बोटाने व डोळ्यांनी तपासावी. जुने गॅस्केट आढळल्यास काढावे. काढलेल्या जुन्या फिल्टरवर त्याचे गॅस्केट आहे की नाही, हे पाहणे ही सर्वांत सोपी खात्री होय. नव्या गॅस्केटवर ताजे तेल लावून फिल्टर हाताने फिरवावा. गॅस्केट बैठकीला टेकल्यावर साधारणतः आणखी पाऊण फेरा पुरतो. नेमके प्रमाण फिल्टरवर छापलेले असते. सरकलेले किंवा पिळवटलेले गॅस्केट पुन्हा वापरू नये.

आटे गेले असल्यास : तीन मार्ग असतात. जुने आटे मोठ्या मापाने कापून त्यांत पोलादी तारेची आटेदार गुंडाळी बसवता येते. किंचित मोठ्या मापाचा बोल्ट वापरता येतो. अथवा चेंबरच बदलावा लागतो. पहिल्या दोन उपायांत धातूचा कीस चेंबरमध्ये राहणार नाही याची दक्षता घ्यावी लागते. हे काम घरी करू नये.

टाळावयाचे उपाय : बोल्टवर टेफ्लॉन टेप गुंडाळणे किंवा सिलिकॉनचा जाड थर देणे हे कायमचे उपाय नव्हेत. त्यांचे सुटलेले तुकडे पंपाच्या जाळीत अडकले, तर तेलाचा पुरवठाच खुंटतो. बाहेरून लावलेली इपॉक्सी पुट्टी तेलकट पृष्ठभागावर धरत नाही.

दुरुस्तीनंतर तेल भरून इंजिन सुरू करावे. लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नवा फिल्टर तेलाने भरत असल्याने इंजिन बंद केल्यावर पातळी किंचित उतरते. ती पुन्हा पाहून पूर्ण करावी. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर बोल्ट, फिल्टर व डिपस्टिक यांची पुन्हा तपासणी करावी.

### सुरक्षितता

चालू इंजिनातील तेलाचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्यामुळे गरम इंजिनाचा बोल्ट काढू नये. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चाकांना उट्या लावून गाडी पोलादी स्टँडवर टेकवावी. इंजिन चालू असताना गाडीखाली जाऊ नये. वापरलेल्या तेलाचा त्वचेशी वारंवार संपर्क अपायकारक असल्याने हातमोजे वापरावेत.

## मांडवा व किनारी प्रदेशातील विशेष बाबी

मांडवा हे अलिबागपासून सुमारे २० किलोमीटरवर, मुंबई बंदराच्या मुखासमोर वसलेले गाव आहे. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा १५ मार्च २०२० रोजी सुरू झाल्यापासून मुंबईतील मोटारी समुद्रमार्गे थेट येथे उतरू लागल्या. परिसरात मुंबईकरांची सुट्टीतील घरे असून काही गाड्या तेथे दीर्घकाळ उभ्याच राहतात. अशी गाडी सुरू करण्यापूर्वी खालची जमीन व डिपस्टिक पाहणे आवश्यक असते, कारण बोल्टमधील पाझर इंजिन बंद असतानाही चालूच राहतो.

खाऱ्या हवेमुळे पत्र्याचे चेंबर, बोल्टचे डोके आणि फिल्टरचे कवच लवकर गंजते. गंजलेल्या बोल्टवर पान्याची पकड सुटते आणि पृष्ठभाग खडबडीत झाल्याने नवा वायसरही नीट बसत नाही. पत्र्याच्या चेंबरला गंजून सूक्ष्म छिद्र पडले असल्यास ते तेलबदलाच्या वेळी घासपुसीत उघडे पडते आणि दोष बोल्टचा आहे असे भासते. त्यामुळे किनाऱ्यावरील गाडीत बोल्टबरोबर चेंबरचा संपूर्ण तळ तपासावा.

वाळूमिश्रित किंवा पावसाने भिजलेल्या जमिनीत जॅक व स्टँड रुततात. त्यांच्याखाली जाड फळी देणे, अथवा काम फरसबंद जागेवरच करणे इष्ट. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर तेलाचा तवंग पसरून थोडे तेलही पुष्कळ वाटते, तर पावसाच्या धारेत मोठी गळतीही वाहून जाऊन नजरेआड होते. म्हणून या दिवसांत जमिनीवरील डागापेक्षा डिपस्टिकवर विसंबावे. रो-रो नौकेवर गाडी चढवण्यापूर्वी गळती तपासणेही इष्ट असते. पोलादी डेकवर सांडलेल्या तेलावरून माणसे व चाके दोन्ही घसरू शकतात.

## सांडलेले व वापरलेले तेल

सांडलेल्या तेलावर कोरडी माती, वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे आणि गोळा करावे. पाण्याने धुऊन काढू नये. एका तेलबदलातील वापरलेले तेल सुमारे दहा लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नमूद केले आहे. विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या प्रदेशात याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. या किनाऱ्याने तेलाच्या प्रदूषणाचा मोठा अनुभवही घेतला आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सांडलेले इंधनतेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते.

भारतात वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि त्याची हाताळणी ‘घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६’ यांनुसार होते. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलासाठी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारीही टाकण्यात आली आहे. घरी काढलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून, त्यात पाणी अथवा इतर द्रव न मिसळता, ते अधिकृत संकलकाकडे देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. ते गटारात ओतणे, जाळणे किंवा कुंपणाच्या लाकडांना फासणे टाळावे.

## विमानवाहतुकीतील समांतर उदाहरण

तेलाशी संबंधित काम करताना एक लहानशी कडी राहून गेल्यास काय होते, याचे सुपरिचित उदाहरण ५ मे १९८३ रोजी अमेरिकेत घडले. ईस्टर्न एअर लाइन्सचे फ्लाइट ८५५ मायामीहून बहामातील नासाऊकडे निघाले होते. लॉकहीड एल-१०११ जातीच्या या विमानात १७२ जण होते. आदल्या रात्रीच्या देखभालीत तिन्ही इंजिनांवर धातुकण टिपणारी उपकरणे बदलली गेली, पण त्यांच्या रबरी कड्या बसवल्याच गेल्या नाहीत. उड्डाणात तिन्ही इंजिनांचे तेल गळू लागले. तिन्ही मापक एकदम शून्य दाखवतात हे अशक्यप्राय वाटून वैमानिकांनी आधी मापकांवरच संशय घेतला. पुढे दोन इंजिने बंद पडली. आधी बंद केलेले तिसरे इंजिन पुन्हा सुरू करून विमान मायामीस परत आणण्यात आले आणि सर्वजण सुखरूप उतरले. काम झाल्यावर इंजिन पुरेसा वेळ चालवून गळती पाहणे आणि इशारा मिळताच मापक चुकले असे गृहीत न धरणे, हे दोन्ही धडे घरगुती तेलबदलालाही तितकेच लागू पडतात.

## हे सुद्धा पहा

* वंगण
* अंतर्ज्वलन इंजिन
* मांडवा
* अलिबाग तालुका
* जलप्रदूषण